एका पातेल्याचं घर

४ फेब्रुवारी

चि. ठेंगू हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, तिकडचं कळवत जा.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून तोंड वाकडं करू नकोस. आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासून घासून त्या मशिनीच्या आवाजाने माझे कान गेले. फोनवर तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी ओरडतो ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. त्यात आई शेजारच्याच खोलीत. तिच्याबद्दल एक अक्षर बोलायची सोय नाही. तेव्हा आता पत्रच, आणि उत्तर दुकानाच्या पत्त्यावर.

बातमी अशी, की तुझ्या दादाची साखर उतरली! डॉक्टरांनी तपासणीचा कागद बघितला, चष्मा कपाळावर सरकवला (तो मीच करून दिलेला) आणि म्हणाले, असंच चालू ठेवा. पथ्य म्हणशील तर कडक. साखर बंद, भात बंद, पाव बंद, बटाटा बंद. तेल-लोणी तर घरातून हद्दपार. अंड्यातलं पिवळं मांजराला. दुकानात एक रिटायर झालेले मास्तर येऊन बसतात, त्यांनी सांगितलं की गोड खावंसं वाटलं तर मध घ्यावा, तो नैसर्गिक असल्यामुळे बाधत नाही. म्हणून चहात मध. बाकी उकडलेल्या भाज्या, कच्चा कोबी, पातळ सूप, आणि दिवस मावळायच्या आत जेवण आटोपायचं.

आपल्या घरचा नेम तुला माहीतच आहे. बाबांचं मीठ बंद झालं तेव्हा आपण सगळे अळणी जेवत होतो. तू नाक मुरडायचीस आणि आई म्हणायची की या घरात एकाच्या ताटात जे नाही ते कुणाच्याच ताटात नाही, पातेलं एकच चढेल. तेच आता माझ्यासाठी चाललंय. तुझ्या वहिनीला जुने कपडे परत बसायला लागलेत, सारखी आरशासमोर असते. आणि आई या वयात अशी सडसडीत झालीय की विचारू नकोस. गुडघ्यांवरचा भार गेला म्हणून मी खूश आहे. फक्त तिचा चष्मा सारखा घसरतो. दांड्या दोनदा वाकवून दिल्या, नाकावरच्या गाद्या बदलल्या, तरी तेच. फ्रेमच गचाळ निघाली बहुतेक.

तुझ्या वृद्धाश्रमातल्या मंडळींना अजून दूधभातच चारतेस का? माझं पथ्य लाव त्यांना, पळायला लागतील.

असो. राग आला तरी उत्तर धाड, आणि दादावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

साखर उतरल्याचं वाचून फार बरं वाटलं. आमच्या स्वयंपाकघरात सगळ्या बायकांना सांगितलं की जिभेचे चोचले पुरवणारा माझा दादा कच्चा कोबी खातो. कुणाचा विश्वास बसला नाही.

आता कान टोचते, ऐकू येत नसलं तरी. तुझ्या मास्तरांना म्हणावं, मुलांना शिकवलंत तेवढं पुरे. मध मधमाशीने केला काय आणि साखर कारखान्याने केली काय, रक्तात गेल्यावर दोन्ही एकच. तो चहातून काढ. आणि मांजराचे लाड बंद कर. अख्खं अंडं तुला चालतं. थोडं तेलही चालतं. गोड आणि पिठूळ कमी करायचं होतं, तू तर जेवणच काढून टाकलंस. कोरडं, बेचव, अर्धपोटी खाल्लं म्हणजे ते आपोआप पौष्टिक, हे कुणी डोक्यात भरवलं रे तुझ्या?

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. दादा, फ्रेम गचाळ नाही. तुझ्या हाताखालून इतके चेहरे गेले आणि आपल्या आईचा चेहरा आटला ते तुला कळलं नाही? चष्मा मोठा झाला नाही, ती लहान झाली. तरण्या माणसाचं वजन उतरलं की आपण शाबासकी देतो. तिच्या वयाला उतरतं ती चरबी नसते, मांस असतं, उठायची-बसायची ताकद असते. माझ्याकडे दर महिन्याला सगळ्यांना काट्यावर उभं करतात. कुणाचं वजन उतरलं की मी स्वतः त्यांच्या ताटाशी जाऊन बसते, कारण पुढे साधा ताप आला तरी अंगात झुंजायला काही उरलेलं नसतं. म्हाताऱ्या माणसाला थोडकंच लागतं असं सगळे म्हणतात. थोडकं जातं, हे खरं. पण त्या थोडक्यात सगळं असावं लागतं.

तुझं पथ्य हे तुझं औषध आहे. तिला ती उपासमार आहे. तिचं ताट वेगळं कर. दूध सायीसकट दे, अंडी, मासे, लोणी, भात, जे मागेल ते दे.

वहिनीला नमस्कार सांग. माझ्यावर चिडलास तर खुशाल चीड, पण मनातून काढू नकोस.

तुझी,
ठेंगू

३ मार्च

चि. ठेंगू हिस,

अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि दुपारीच दुकान बंद केलं. फ्रेमांची पेटी घेऊन घरी गेलो आणि आईला म्हटलं, नवी फ्रेम करतो, खुर्चीत बस. माप घेतलं. मोठ्यांची एकही फ्रेम तिला बसेना. शेवटी लहान मुलांच्या खणातली काढली, ती बसली. निळी आहे, तिला आवडली. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

त्याच संध्याकाळी वेगळं ताट केलं. मऊ भात, लोणी, दोन अंडी, भांडंभर दूध. आईने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं की पाहुणं कोण आलंय. मी म्हटलं तुझ्यासाठीच. तिने ते बाजूला सारलं आणि माझ्या पातेल्यातला उकडलेला कोबी वाढून घेतला. बाबा अळणी खात होते तेव्हा मी चिमूटभर मीठ तोंडात टाकलं नाही, आता लेकासमोर लोण्याचा घास गिळू का, असं तिचं म्हणणं. रागावून नाही गं, हसत हसत.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावलं की आजी, तुम्हाला कसलंही पथ्य नाही, भरपूर खा. तिने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. घरी आल्यावर ये रे माझ्या मागल्या.

मग आम्ही लबाडी केली. वहिनीने तिच्या सुपात लोणी विरघळवलं. आईने एक चमचा घेतला आणि विचारलं की हेच त्याच्याही वाटीत आहे का. तुझ्या वहिनीला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. वाटी तशीच परत आली. माझी बायको आता पहिल्यांदाच म्हणतेय की तुमच्या घरातलं प्रेम जरा अतीच आहे.

मध बंद केला. मास्तरांना सांगितलं तर ते रुसलेत. काही उपाय असेल तर सुचव, मी टेकीला आलोय. या म्हाताऱ्या भावाला धीराचे दोन शब्द लिही.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

मोरीतल्या नळाचं वाचून मीही स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसले, म्हणजे कुणी विचारायला नको.

उपाय आहे. आईला एकच पातेलं हवं ना? मग एकच चढवा, पण त्यात नीट काहीतरी घाला! अख्खी अंडी, घट्ट डाळ, मासे, घट्ट दही, दाण्याचं कूट. हे तुलाही चालतं आणि तिलाही हवंच आहे. पथ्य म्हणजे शिक्षा नव्हे. तू सुरुवातीपासून असं जेवला असतास तर दोघांचंही भागलं असतं.

तरीही तिला तुझ्यापेक्षा जास्त लागेल, भातासारखं मऊ काहीतरी लागेल. ते तिच्यासोबत वहिनीने खावं. आईला एकटीने खायची लाज वाटते, ताटाला जोडीदार लागतो. नाहीच जमलं तर तिला माझ्याकडे पाठव. माझी खोली लहान आहे, पण खाट दोघींना पुरेल. इथे तू समोर नसशील म्हणजे ती जेवेल.

जमेल, दादा. माझ्याकडे याहून हट्टी माणसं आहेत. उत्तराची वाट बघतेय, लवकर लिही आणि माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ठेंगू

२ एप्रिल

चि. ठेंगू हिस,

अ. आ.

आधी गोड बातमी. आई जेवते! दोनदा वाढून घेते. काल पातेलं खरवडलं.

आता कसं ते सांगतो, पण शेवटपर्यंत वाचायचं, मधेच फाडायचं नाही. तू सांगितलंस तसं केलं. अंडी, मासे, डाळ. चार दिवस बरे गेले, मग तिला अंड्याचा वासच सोसेना. मासा कवळीत अडकतो, डाळीने पोट फुगतं. मऊ आणि गोड तेवढंच घशाखाली उतरतं. दुधात शिजवलेला भात, साखर घालून. तो तिच्यासोबत वहिनी खायला बसली. आईने एकच विचारलं, याला काय? मी म्हटलं, मला कोबी. झालं, चमचा खाली. तुझ्याकडे यायचं नाव काढलं तर म्हणाली, मी गेल्यावर याच्या पथ्याला सोबत कोण?

गेल्या आठवड्यात ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही. मी उचललं तर काय सांगू, धुतलेल्या कपड्यांची बादली याहून जड असते. त्या दिवशी मी ठरवलं. दुकानातून येताना पाव आणला, साखर आणली, आणि आईला सांगितलं की डॉक्टरांनी माझं पथ्य सोडवलं, मी बरा झालो. बिचारीने दोन्ही हात जोडले. मग आम्ही तिघं दूधभात जेवलो. इतक्या महिन्यांनी भात! खोटं कशाला बोलू, मलाही फार बरं वाटलं.

काळजी करू नकोस, मी मूर्ख नाही. मास्तरांचा रुसवा गेलाय आणि त्यांनी बरंच सांगितलंय. भात शिजवून गार केला, धुतला आणि परत गरम केला की त्यातली साखर निघून जाते म्हणे. जेवणाआधी कडू पाल्याचा रस घेतो, वरून दालचिनीची पूड. जेवल्यावर गल्लीला फेऱ्या मारतो, त्याने सगळं जिरतं. गोळ्या तर चालूच आहेत. तू आता कपाळाला हात लावशील. पण ती जेवतेय, ठेंगू. ते बघायला तू इथे हवी होतीस.

रागाने का होईना, लिही. माझ्यावर जेवढा जीव आहे तेवढा असू दे.

तुझा,
दादा

२१ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि.

काल परत आश्रमात पोचले. तुमच्याकडे न कळवता आले होते ते तुला चारचौघांत झापायला. वाटभर शब्द जुळवत होते. आणि मग तुमच्या टेबलाशी बसले आणि मूग गिळून गप्प झाले.

आईच्या गालांवर रंग आलाय. ती निळा चष्मा लावून स्वतः वाढत होती, मला आग्रह करत होती. लहानपणी तू साखरेच्या डब्यात ओला हात घालायचास आणि साखर बोटांना चिकटून चोरी पकडली जायची, ते सांगताना तिला हसू आवरेना, तोंडातला घास सांडला. तू समोर बसून दुसऱ्यांदा भात घेतलास. माझ्या समोर! रोज माणसांची पथ्यं सांभाळणारी मी, आणि मी आपली भात कालवत राहिले. तो घास काढून घेतला असता तर तिचाही काढून घ्यावा लागला असता.

जिन्यात तुझ्या कानाशी बोलले तर तू ऐकू न आल्याचं सोंग केलंस. म्हणून आता लिहिते. गार करून धुतला तरी भात भातच राहतो, त्यातलं पीठ काही वाहून जात नाही. कडू रसाने गोडाची फिटंफाट होत नाही, पोटात गेल्यावर कडू आणि गोड एकमेकांशी भांडत बसत नाहीत. दालचिनीने चव येते, बस्स. चालणं चांगलं, पण तुझ्या ताटाएवढं चालायचं तर तुला दुकान सोडावं लागेल. तू हुशार माणूस आहेस. तुला हे सगळं कळतं, आणि दुसरी वाट नाही म्हणून तू त्या मास्तरांचं खरं मानतोयस. माझा तुझ्यावर राग आहे तो याचा.

मी होते त्या दोन दिवसांत तू सारखा पाणी पीत होतास. चहाचं आधण पायावर सांडलं तेव्हा तू हललाही नाहीस. साखरेने पायाची जाणीव जाते, दादा. निदान दुकानातला आरसा घेऊन रोज तळवे बघ. दुकानात अनवाणी फिरू नकोस, जमिनीवर काचेच्या कपच्या असतात. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा आणि खरं सांग.

आणि आईचं काय, हे मला विचारू नकोस. तू खाल्लंस तर तू जाशील, नाही खाल्लंस तर ती जाईल. मी सगळीकडून विचार करून बघितला. इतकी वर्षं लोकांना जेवायला घालतेय, पण तुम्हा दोघांना पुरेल असं पातेलं मला चढवता येत नाही.

तुझीच,
ठेंगू

८ जून

चि. ठेंगू हिस,

अ. आ.

हे पत्र इस्पितळातून लिहितोय. घाबरू नकोस, हात शाबूत आहेत, अक्षरावरून दिसेलच.

तुला जे म्हणायचं आहे ते मीच म्हणतो, म्हणजे तुझे कष्ट वाचतील. काचेची कपची चपलेतून तळव्यात गेली. कधी, ते ठाऊक नाही. दुखलंच नाही तर कळणार कसं? मोजा पायाला चिकटला तेव्हा वहिनीने तो पाणी लावून सोडवला. तोवर अंगठा काळा पडला होता. इथे आल्यावर अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढली. डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितला तेव्हा मी नीट ऐकू आलं नाही असं केलं. तरी त्यांनी कागदावर लिहून दाखवला.

आईला सांगितलंय की नवं मशीन शिकायला मी परगावी गेलोय. वहिनी तिच्यासोबत जेवते. दादा तिकडे नीट जेवतो का, एवढंच ती विचारते, आणि वहिनी हो म्हणते. कान लाल झाले तरी आईला ते दिसत नाहीत असं आम्ही धरून चाललोय.

इथली आहार सांगणारी मुलगी रोज येते. अख्खं अंडं चालेल, मध नको, थोडं तेल चालेल. शब्दन् शब्द तुझाच. मी तिला म्हटलं की माझी बहीण हेच सांगते. तिने विचारलं, मग? मी अंडं सोलायला घेतलं.

ठेंगू, मला पश्चात्ताप होत नाही, हे तुला लिहून ठेवतो. तेवढे दिवस ती पोटभर जेवली. तू रागावणार, पण तूही तिला बघितलंस ना हसताना. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. फक्त मला टाकू नकोस.

तुझा,
दादा

२९ जून

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

यांना ताप आहे म्हणून आज मी लिहितेय. माझं लिहिणं तुमच्यासारखं नाही, समजून घ्या.

हे घरी आले. बोटं गेल्याचं मोज्यात लपेल असं यांना वाटलं होतं. आई दारात उभ्या होत्या. चालणं बघितलं आणि त्यांनी यांना काहीच विचारलं नाही. मला आत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं की डॉक्टरांनी पथ्य खरंच सोडवलं होतं का. वन्सं, मी काय करू? मला नाही जमलं. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या की म्हणजे मी माझ्या लेकाचा पाय खाल्ला. एवढंच. रडल्या नाहीत, यांच्यावर चिडल्याही नाहीत. उलट यांच्या पायाला औषध लावायला रोज स्वतः बसतात. पण जेवण गेलं. यांना जे वाढते त्यातलं चमचाभर घेतात, तेही यांनी आधी खाल्लं तर. दूधभाताचं पातेलं बघितलं तरी तोंड फिरवतात. आता तर उलटीच येते. डॉक्टर घरी येऊन गेले. नाकातून नळी घालता येईल म्हणाले, पण आईंनी हात जोडून नको सांगितलं. शुद्धीत आहेत, जबरदस्ती करता येत नाही म्हणे.

हे समोर ताट घेऊन बसतात. आई, एक घास, आई, एक घास, असं चालतं. माझ्याने बघवत नाही. मी मागच्या दारात जाऊन बसते.

आणि जखम वर चढलीय. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल असं सांगितलंय, पुढच्या महिन्यात. तुम्ही एवढ्या माणसांना जेवायला घालता. मी काय रांधू ते सांगा. काहीही सांगा, मी करीन.

इकडे लक्ष असू द्या.

तुमची,
वहिनी

६ जुलै

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

वहिनी तुला हे वाचून दाखवेल. ती मधे थांबली तर तिला थांबू दे.

आश्रमात तापाची साथ आहे. माझ्या हाताखालच्या दोघी पडल्यात, बाहेरच्यांना आत आणि आतल्यांना बाहेर सोडत नाहीत. साथ ओसरली की पहिल्या गाडीने येते. तोवर माझं ऐक, मी शेंडेफळ असले तरी.

तू दादाचा पाय खाल्ला नाहीस. साखरेने नेला, काचेने नेला, त्याच्या वेडेपणाने नेला. तू फक्त भात खाल्लास, आणि तुझ्या वयाच्या बाईने भात खायचाच असतो. तू पोटभर जेवलीस म्हणून त्याचा पाय बरा होणार नाही, हे खरं. पण तू उपाशी राहिलीस म्हणून तो परतही येणार नाही ना गं? मग कशासाठी? कुणाच्या उपयोगाचं आहे हे?

माझ्याकडे एक आजोबा आहेत, ते कुणी भरवल्याशिवाय खात नाहीत. मी त्यांना रोज घास भरवते आणि मला सारखं वाटतं की माझी आई तिकडे तोंड फिरवून बसलीय आणि मी इथे परक्याला भरवतेय. माझ्यासाठी म्हणून खा. मला कसलं पथ्य नाही. मी इथे दोन्ही वेळा भात खाते, त्यात साखरही घालीन. माझ्या ताटाला जोडीदार हो.

मी वाट बघतेय. आशीर्वाद नको, एक घास घे.

तुझी,
ठेंगू

१९ ऑगस्ट

चि. ठेंगू हिस,

अ. आ.

तू आलीस, सगळं उरकून माझ्या खाटेशी बसलीस, पण आपण दोघंही बोललो नाही. तुझी गाडी सुटायची वेळ झाली आणि तू गेलीस. बोलता आलं नाही ते लिहितोय. माझ्या कापलेल्या पायाची जखम भरतेय असं म्हणतात.

तुझं पत्र वहिनीने आईला दोनदा वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी तिने खरंच अर्धी वाटी भात घेतला, ठेंगूसाठी म्हणून. तेवढाच. मग मला ऑपरेशनसाठी इस्पितळात नेलं. संध्याकाळी आईने वहिनीला विचारलं की त्याला आज काय खायला सांगितलंय. वहिनी पायाला भिंगरी लावल्यासारखी धावत होती, तिच्या तोंडून खरं ते निघून गेलं, की ऑपरेशन होईपर्यंत त्यांना काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आई म्हणाली, बरं, मग मलाही नको.

त्यानंतर तिने ओठ उघडले नाहीत. वहिनीने ओला चमचा लावला, शेजारच्या बाईने विनवलं. तुझ्या नावाने सांगून पाहिलं. तिने नुसता हात हलवला. अंगात होतंच काय तिच्या? सकाळी मला आत नेलं, आणि मी टेबलावर असताना ती गेली. कोरड्या तोंडाने गेली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की सगळं नीट झालं, आता जखम भरायला चांगलं जेवायचं. दुपारी ती आहारवाली मुलगी ताट घेऊन आली. अख्खं अंडं, घट्ट डाळ, आणि वाटीभर भात. मी भाताकडे बोट दाखवून विचारलं, तर म्हणाली, एवढा चालतो, मापात आहे. ठेंगू, मला इतका आनंद झाला! वाटलं, आता घरी जाऊन आईला सांगता येईल की मी भात खाल्ला, डॉक्टरांच्या परवानगीने खाल्ला, आणि यावेळी त्यात खोटं काही नाही. मग ती पण खाईल. मी शितन् शीत खाल्लं. अंड्याचा तुकडाही ठेवला नाही. वाटी बोटाने पुसून घेतली.

वहिनी तेव्हा दारात उभी होती. कधी आली मला कळलं नाही. माझं जेवण संपेपर्यंत ती आत आली नाही. मग येऊन तिने ताट उचललं, माझे हात धुवून पुसले, आणि मग सांगितलं.

मी तिच्यावर ओरडलो. आधी का नाही सांगितलंस म्हणून. ती म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तुम्ही जेवला असतात का?

तुला मी ओळखतो. तूही त्याच पातेल्यातलं जेवून वाढलीस. हे वाचून तू ताट सारून बसशील. बसू नकोस. माझ्यावर राग धर, माया कर, काय वाटेल ते कर, पण उपाशी राहू नकोस. आधी जेव, मग रड.

तुझा,
दादा